क्रोसाँ गरम करून देऊ का?

मागच्या अंकात मी शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की कॅफेत बसून गरम काहीतरी पिणं आणि सोबत बेकरीतलं काहीतरी खाणं यावर कुणाला विचारायचं असेल तर खुशाल विचारा. वाटलं होतं दोन-चार पत्रं येतील, तर ढीगच आला. आणि गंमत म्हणजे निम्म्या पत्रांत हेच, की 'ताई, तिथे काउंटरवर विचारायची लाज वाटते म्हणून तुम्हाला विचारतेय'. अहो, तो काउंटरमागचा पोरगा दिवसभर त्याच कामाला उभा असतो, त्याला विचारलेलं बहुतेक वेळा आवडतंच. असो, मला विचारलंत तर मी सांगते.

प्रश्न : ताई, कॅपुचिनो, लाते, फ्लॅट व्हाइट, सगळ्यात कॉफी आणि दूधच असतं ना? मग एवढी नावं कशाला? मी एकदा मैत्रिणींबरोबर गेले आणि काहीतरी वेगळं म्हणून एस्प्रेसो सांगितली तर बाहुलीच्या भातुकलीतला कप आला, दोन घोटात संपला, तोंड कडू झालं आणि सगळ्या हसल्या. तेव्हापासून मी गुपचूप 'सेम' म्हणते. (एक 'सेम'वाली)

अगं, त्या हसणाऱ्यांपैकी किती जणींना फरक सांगता येतो ते पुढच्या वेळी विचार. खरंच फार काही नाहीये त्यात. तू प्यायलीस ती एस्प्रेसो म्हणजे या सगळ्यांची आई, बारीक दळलेल्या कॉफीतून साधारण 9 बार दाबाने, म्हणजे आपल्या आजूबाजूच्या हवेच्या नऊपट, गरम पाणी पंचवीस-तीस सेकंदात ढकलायचं आणि जे घट्टसर येतं ते कपात घ्यायचं. हे यंत्र काही एका रात्रीत झालं नाही बरं का. इटलीत तुरिनच्या अँजेलो मोरिओंदोने 1884 मध्ये वाफेवर चालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, मग 1901 मध्ये लुइजी बेझेराने एकेका कपापुरती कॉफी काढायची सोय केली, पण वाफेचा जोर तो केवढा, कॉफी जळकट लागायची. मग अकिले गाज्जियाने दांड्याचं यंत्र आणलं, ते 1940 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं, आणि तेव्हा कुठे कॉफीवर तो तपकिरी सायीसारखा थर दिसायला लागला, ज्याला क्रेमा म्हणतात.

आता या एस्प्रेसोत दूध किती आणि फेस किती, एवढ्यावर सगळी नावं. कॅपुचिनोत कप लहान, दीडशे-पावणेदोनशे मिलिलिटरचा, आणि वर चांगला बोटभर फेस. लाते म्हणजे इटालियनमध्ये नुसतं दूधच, त्यामुळे कप मोठा, दूध भरपूर, फेस पातळ. फ्लॅट व्हाइटचा कप कॅपुचिनोएवढाच पण फेस अगदी पापुद्र्याइतका, म्हणून कॉफी जास्त लागते जिभेला. (ती पहिली कुणी केली यावर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडवाले अजून भांडतायत, आपण मध्ये पडायचं नाही.) माकियातो म्हणजे डाग पडलेली, एस्प्रेसोवर दुधाचा नुसता ठिपका, आणि मोका म्हणजे चॉकलेट घातलेली, नाव येमेनमधल्या मोखा बंदरावरून आलेलं.

एक मात्र लक्षात ठेव. लाते 'माइल्ड' लागते म्हणून तिच्यात कॅफीन कमी असं लोक धरून चालतात, तसं नाही. कॅफीन ठरतं एस्प्रेसोचे शॉट, म्हणजे मापं, किती त्यावर, दूध कितीही ओता. तुझी चव कडवटपणाला घाबरणारी दिसतेय तर लाते सांग, दोन-तीनदा पिऊन झाली की फ्लॅट व्हाइट. आणि 'सेम' बंद.

प्रश्न : मला कॉफी कडकडीत लागते, कॅफेत येते ती कोमट. 'एक्स्ट्रा हॉट' सांगितलं की आमचे हे म्हणतात, कशाला लोकांसमोर शोभा करतेस. कोण बरोबर? (कडकडीत)

तुमचे हे पूर्ण बरोबर नाहीत आणि तुम्हीही नाही. बघा, कॅफेत दूध साधारण 60 ते 65 डिग्रीपर्यंत तापवतात आणि ते मुद्दाम. तिथवर दूध गोडसर लागतं, फेस मऊ, रेशमासारखा राहतो. 70 च्या पुढे गेलं की दुधाला उकळल्याचा वास लागतो आणि फेसाचे मोठेमोठे बुडबुडे होऊन तो बसतो. एकदा कॉफी बनवणाऱ्याच्या जवळ उभं राहून ऐका. वाफेची नळी आधी दुधाच्या वरच्या अंगाला असते तेव्हा कागद फाडल्यासारखा चर्र चर्र आवाज येतो, मग तो दुधाचा जग थोडा वर घेतो आणि आवाज एकदम दबतो, नुसती घूं. त्याचा दुसरा तळहात त्या भांड्याला टेकलेला असतो, हात ठेववेना झाला की वाफ बंद. कितीतरी जण थर्मामीटर वापरतच नाहीत, तळहात हेच त्यांचं मोजमाप.

आणि कडकडीतचा अट्टहास थोडा कमीच केलेला बरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेने 2016 मध्ये 65 डिग्रीच्या वरची पेयं, मग ती कुठलीही असोत, अन्ननलिकेच्या कॅन्सरला 'बहुधा कारणीभूत' या गटात टाकली. रोज जीभ पोळून घेणाऱ्यांसाठी आहे ते, एखाद्या कपाने काही होत नाही, पण माहीत असावं.

तरीही कॉफी थंड येते ही तक्रार खरी असते, कारण खूपदा दूध गरमच असतं, कप गार असतो. जाड चिनीमातीचा थंड कप कॉफीची ऊब पहिल्या मिनिटात गिळून टाकतो. म्हणून 'एक्स्ट्रा हॉट'ऐवजी म्हणा, 'कप जरा गरम करून घ्याल का?' तो आधी कपात गरम पाणी फिरवेल, ओतून देईल आणि मग कॉफी. याने शोभा होत नाही, उलट समोरच्याला वाटतं, बाईला कळतंय. दाराजवळ बसू नका, मोठा कप मागवून तासभर चघळू नका. आणि अगदीच कडकडीत हवं तर चहा घ्या किंवा अमेरिकानो, म्हणजे गरम पाणी घातलेली एस्प्रेसो, त्यात उकळीजवळचं पाणी असतं, दुधाची भानगड नाही. तेही जरा फुंकूनच प्या.

प्रश्न : क्रोसाँ, ते लोण्याच्या पदरांचं, कॅफेत खाल्लं की स्वर्ग, घरी आणून फ्रीजमध्ये ठेवलं आणि सकाळी मायक्रोवेव्ह केलं की चामडं. असं का? आणि त्या काचेच्या कपाटातून चांगलं कसं निवडायचं, सगळं छानच दिसतं. (गोडखाऊ)

तुमच्या पत्रातच गुन्हेगार पकडला गेलाय, फ्रीज आणि मायक्रोवेव्ह दोघं मिळून. ब्रेड-क्रोसाँ शिळं होतं ते फक्त सुकल्याने नाही, भाजताना मऊ पडलेला मैद्यातला स्टार्च थंड होताना परत घट्ट बांधला जातो, आणि ही बांधाबांधी सगळ्यात जोरात होते ती फ्रीजच्याच तापमानाला. बाहेर डब्यात ठेवा, एक दिवस चालतं. जास्त दिवस ठेवायचं तर सरळ फ्रीजरमध्ये, तिथे ही क्रिया जवळपास थांबते. मायक्रोवेव्हमध्ये आतल्या पाण्याची वाफ होते, पदर लिबलिबीत होतात आणि गार झाले की चिवट. ओव्हन किंवा छोटा टोस्टर ओव्हन 160-170 डिग्रीला पाच-सहा मिनिटं, बाहेर काढून दोन मिनिटं थांबायचं, मग खायचं. ती दोन मिनिटं कुणी थांबत नाही, मीसुद्धा नाही, पण पदर कुरकुरीत होतात ते तेव्हाच.

आता निवडायचं कसं. क्रोसाँची कणीक लोण्याची लादी आत घालून लाटतात, तीन घड्या घालतात, पुन्हा लाटतात, असं तीनदा केलं की तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, लोण्याचे 27 थर होतात. ओव्हनमध्ये लोण्यातल्या आणि कणकेतल्या पाण्याची वाफ होते आणि एकेक पदर उचलला जातो. म्हणजे चांगलं क्रोसाँ आकाराने मोठं आणि हाताला हलकं. रंग बघा, फिक्कट पिवळं घेऊ नका, चांगलं खमंग तपकिरी हवं, काही ठिकाणी जवळजवळ करपलंय की काय वाटावं असं. ट्रेमध्ये खाली पापुद्रे सांडलेले दिसले तर खूश व्हा. आणि मधोमध तोडल्यावर आत मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं दिसली पाहिजेत, गिच्च गोळा दिसला तर पुढच्या वेळी तिथे क्रोसाँ नको, केक घ्या.

यावरून आठवलं. मी एकदा एका ठिकाणी ऐटीत 'क्रोसाँ गरम करून द्या' म्हटलं आणि त्यांनी मायक्रोवेव्हमध्ये फिरवून आणलं, सुरी घातली तर कापलं जाईना, दाबलं जात होतं, उशी कापतेय असं वाटत होतं, आणि समोर पाहुणे. तेव्हापासून 'गरम करून देऊ का?' असं विचारलं की माझा उलट प्रश्न ठरलेला, 'कशात?' ओव्हन म्हणाले तर हो, नाहीतर तसंच द्या.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. स्कोन, म्हणजे छोटा भुसभुशीत बन, ज्या दिवशीचा त्याच दिवशी, संध्याकाळी तो विटेसारखा होतो. मफिन सकाळी. बनाना ब्रेड, जिंजर केक असले ओलसर प्रकार मात्र दुसऱ्या दिवशी जास्त मुरतात, त्यामुळे 'कालचा आहे' असं कुणी प्रामाणिकपणे सांगितलं तर बिनधास्त घ्या. चीझकेक थंडच खायचा, त्याच्यासोबत बिनसाखरेची कॉफी, गोडावर गोड केलं की दोन्हीची चव जाते. दालचिनीचा रोल घेतला तर कडेचा न घेता मधला मागा, तो मऊ असतो. आणि सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे 'आज काय भाजलंय?' एवढंच विचारायचं. जो चटकन बोट दाखवतो त्याचं ऐकायचं, जो 'सगळंच फ्रेश आहे' म्हणतो तिथे बिस्किटावर भागवा.

प्रश्न : संध्याकाळी सातला आमचा ग्रुप भेटतो, सगळे कॉफी घेतात म्हणून मीही घेते आणि रात्री दोनपर्यंत छताकडे बघत पडते. काय मागवू? (घुबड)

कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, कुणाला कमी, कुणाला बरेच जास्त. म्हणजे सातला घेतलेल्यातलं निम्मं बाराला शाबूत. 2013 च्या एका अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफीन दिलं तरी लोकांची तासाभरापेक्षा जास्त झोप उडाली होती, आणि 400 म्हणजे निरोगी मोठ्या माणसाला दिवसभरात ठीक मानलेला आकडा. (गरोदरपणात तो 200 धरतात, आणि तिथे डॉक्टर सांगतील ते शेवटचं.)

डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढून टाकलेली कॉफी, मागा, चव जवळपास तीच, त्यातही कपाला थोडंफार कॅफीन असतं पण बहुतेकांना ते जाणवत नाही. माचाला, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीला, हिरवी म्हणून साधी समजू नका, तो चहाच आहे, कॅफीन आलंच. कॅमोमाइलच्या फुलांचा किंवा पुदिन्याचा चहा चालेल. पण माझं ऐकाल तर हॉट चॉकलेट घ्या. त्यातही दोन जाती. एक पावडरीची, कोको पावडर मिळायला लागली ती डच व्हान हाउटेन यांनी 1828 मध्ये कोकोच्या बियांमधलं बरंचसं तूप दाबून काढायची पद्धत आणल्यावर, आणि या पावडरीचं पेय पातळ असतं. दुसरं, खरं चॉकलेट दुधात वितळवून केलेलं, त्यात ते तूप असतंच, म्हणून दाट आणि चमच्याला चिकटणारं. 'पावडरचं की वितळवून?' हे आधी विचारा. वितळवलेलं असेल तर सोबत केक मागवू नका, जाणार नाही, मी प्रयत्न केलाय.

प्रश्न : एका कॉफीवर लॅपटॉप उघडून किती वेळ बसलेलं चालतं? (कामसू)

रिकामं असेल तर कुणी काही म्हणत नाही, गर्दी असेल तर दर तास-दीड तासाला काहीतरी मागवा आणि चारजणांचं टेबल अडवू नका. बसण्याची परंपरा जुनीच आहे म्हणा, लंडनची लॉइड्स ही विम्याची मोठी बाजारपेठ सतराव्या शतकात एडवर्ड लॉइड यांच्या कॉफीहाउसातच उभी राहिली, जहाजवाले तिथे बसून बातम्या आणि सौदे करायचे. पण ते मीटिंगचा कॉल स्पीकरवर घेत नव्हते, तेवढं पाळा.

प्रश्न : मला एकटीला कॅफेत जायचंय, पण सगळे बघतायत असं वाटतं. आणि 'कोझी' अशी पाटी तर हल्ली सगळीकडे असते, खरंच ऊबदार जागा ओळखायची कशी? (एकटी)

पाटी वाचू नकोस, दारात दोन मिनिटं उभी राहून ऐक. काच, फरशी, उघडं छत असलं की प्रत्येक चमचा कानात वाजतो. पडदे, गाद्या, पुस्तकांची कपाटं असली की आवाज मुरतो. थोडा गलबला हवाच, 2012 च्या एका संशोधनात 70 डेसिबलच्या आसपासच्या गोंगाटात लोकांना नवं सुचणं जरा सोपं गेलं होतं, 85 ला मात्र डोकं चालेना. दिवे पिवळसर आणि टेबलाच्या उंचीवर असतील तर अजून छान. भिंतीला पाठ लागेल अशी खुर्ची घे, कॉफी दळायच्या यंत्रापासून लांब.

बघण्याचं म्हणशील तर मी पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा मासिक उघडून तोंडासमोर धरलं होतं, वीस मिनिटांनी कळलं उलटं धरलंय. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. शेजारचे आजोबा केक चहात बुडवत होते, तुकडा आत पडला, त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मी मासिक सरळ केलं, आम्ही दोघांनी एकमेकांना काही पाहिलंच नाही असं केलं.

प्रश्न : बायको प्रत्येक कपाचे फोटो काढते, तोपर्यंत फेसावर दुधाने काढलेलं पान विरघळतं आणि कॉफी गार. उपाय सांगा. (त्रस्त नवरा)

ते पान काही मिनिटांचंच असतं हो, तिला पहिला फोटो निवांत काढू द्या, दुसऱ्याला हरकत घ्या. आणि ती फोटो काढत असताना तुम्ही तुमची प्या ना, तुमच्या कपाने काय घोडं मारलंय? मफिनचा वरचा कुरकुरीत भागही तेवढ्यात खाऊन घ्या, फोटोत तो कप येतो, मफिन सहसा फोटोबाहेरच राहतो.