नवीन फोल्डिंग चाकू किती टिकेल हे घरच्या घरी कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंय की घडीचा चाकू घेतलाय, विकणारा डी-टू स्टील म्हणतोय (हत्यारं बनवायचं एक कडक स्टील), तर तो खरंच दणकट आहे का हे कसं कळणार. घरी कळतं, आणि चांगलं कळतं. मी तासगावकडचा, घरची द्राक्षबाग आहे, सुतळी, ठिबकची नळी, खताच्या पोत्याची शिवण, बेदाण्याचे बॉक्स सगळं खिशातल्या चाकूवरच चालतं, त्यामुळं जे बघत आलोय ते सांगतो.

आधी धार बघू नका, लॉक बघा. कागद काय, कुठलाही स्वस्तातला चाकू पहिल्या दिवशी कापतो. घडीच्या चाकूत खरा धोका पातं बोटांवर मिटण्याचा. पातं उघडा, मूठ दोन्ही बाजूंनी अशी धरा की बोटं पात्याच्या वाटेत येणारच नाहीत, आणि पात्याची पाठ लाकडी पाटावर हलकेच ठोका, मग हळूहळू दाब वाढवा. लॉक सुटलं तर चाकू सरळ परत करा, पुढचं काही तपासत बसू नका. लायनर लॉक असेल, म्हणजे आतली पत्र्याची पट्टी सरकून पात्याच्या बुडामागं बसते तो प्रकार, तर ती पट्टी कितपत आत आलीय ते उजेडात धरून बघा. नुसती कडेला टेकली असेल तर भरवसा नाही आणि नव्या चाकूतच पार पलीकडच्या टोकाला गेली असेल तरी नको, कारण झिजल्यावर तिला सरकायला जागाच उरत नाही. व्हिक्टोरिनॉक्सच्या छोट्या चाकूंना लॉक नसतं, फक्त स्प्रिंग असते, त्यांना हे लावायचं नाही.

पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडं हलवा, थोडं हलत असेल तर स्क्रू आवळून जातं. वर-खाली हललं तर ते लॉकचं दुखणं, ते आवळून जात नाही.

आता धार. कंपनीतून आलेल्या धारेवरून मत बनवू नका, मशीनवर घासताना कधीकधी कडा तापून मऊ पडते आणि चांगलं स्टील पण उगाच बदनाम होतं, म्हणून आधी दगडावर स्वतः एकदा धार लावा आणि मगच पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायला घ्या, पात्याच्या ठराविक एकाच भागानं, आणि मधेमधे वर्तमानपत्राचा कागद कापून बघा. पुठ्ठ्यात बारीक कचकच असते, धार तो लवकर खातो. कागद फाटायला लागला की पातं बल्बखाली धरा. चांगली धार दिसतच नाही, बोथट झालेली जागा पांढरी रेघ होऊन चमकते. कडा एका बाजूला वळली असेल तर स्टील मऊ, बारीक टवके गेले असतील तर एकतर जास्त कडक किंवा धार फार पातळ लावलीय.

रॉकवेल म्हणजे कडकपणा मोजायचं माप, आकडा जितका मोठा तितकं स्टील कडक. डी-टू साधारण ६० रॉकवेलला कडक केलेलं असतं आणि ४२० नावाचं साधं स्टेनलेस ५२ ते ५६, म्हणून डी-टूची धार बराच वेळ टिकते पण साध्या दगडावर लावताना हात दुखतो. तुमचा चाकू दोन-चार घासण्यात वस्तरा होत असेल आणि पुठ्ठ्यावर लगेच बोथट होत असेल तर मला विकणाऱ्याच्या बोलण्याची शंका येईल.

गंजाचं पण बघा. डी-टूमध्ये क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असलं तरी त्यातलं बरंचसं कार्बनसोबत अडकून पडतं, त्यामुळं ते पूर्ण स्टेनलेस नाही. लिंबू कापून पातं तसंच ठेवा, राखाडी डाग पडला तर घाबरू नका, तांबडा खरबरीत गंज आला तर पुसून तेलाचा हात फिरवायची सवय लावावी लागेल. आमच्याकडं बोर्डो फवारणी असते, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, साध्या कार्बन स्टीलला मोरचुदाचं पाणी लागलं की लालसर तांब्याचा थर धरतो, स्टेनलेसवर सहसा धरत नाही.

शेवटी ओल्या काळ्या मातीत घोळवून उघडझाप करा, धुवा, वाळवा, बिजागरीत तेलाचा थेंब सोडा. नंतर पण कचकच राहिली तर आत माती अडकतीय, पावसाळ्यात रोज त्रास देणार.

व्हिडिओत दाखवतात तसं लाकूड फोडणं, डबे उचकटणं करू नका. सगळा भार एका पिनेवर येतो, त्या कामाला कोयता आहे. लॉकचा जवळून फोटो टाका, पट्टी कुठं बसलीय बघून सांगतो.