लॅबमधले ४० संगणक नेटवर्कवरून बूट कसे करावेत?

तुमची अडचण मला अशी समजली: ४० संगणक, काही जुने बायोसवाले, काही यूईएफआयवाले (संगणक चालू होताच आधी चालणाऱ्या प्रणालीचे जुना आणि नवा असे हे दोन प्रकार). सगळ्यांना एकाच सर्व्हरवरून लिनक्स द्यायचंय, पण राउटरमधल्या डीएचसीपीला (संगणकांना आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेला) हात लावायची परवानगी नाही. आणि आत्ता बूट कधी चालतं, कधी नाही.

मग राउटरला हात लावूच नका. सर्व्हरवर डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर प्रोग्रॅम ‘प्रॉक्सी डीएचसीपी’ म्हणून चालवा. आयपी पत्ता राउटर देत राहील, डीएनएसमास्क फक्त ‘बूटची फाइल इथे आहे’ एवढंच सांगेल. सर्व्हर आणि संगणक एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचवर आखलेल्या एकाच नेटवर्कमध्ये) मात्र हवेत. मशीन विनंतीतच आपला प्रकार कळवतं (ऑप्शन ९३: बायोस असेल तर ०, ६४ बिट यूईएफआय असेल तर बहुतेक वेळा ७). त्यानुसार आयपीएक्सईची (नेटवर्कवरून बूट करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) वेगळी फाइल द्या. आयपीएक्सई सुरू झाल्यावर पुन्हा डीएचसीपीला विचारतं. तेव्हा त्याला ओळखून मेन्यूच्या स्क्रिप्टचा पत्ता द्यावा लागतो, नाहीतर ते स्वतःलाच परत परत उतरवत बसतं. तुम्ही स्वतः तयार केलेल्या आयपीएक्सईवर मान्य सही नसते, त्यामुळे सिक्युअर बूट (मान्य सही असलेलेच प्रोग्रॅम बूट होऊ देणारी यूईएफआयची सोय) बंद ठेवावं लागेल.

टीएफटीपीवरून (फाइल पाठवायच्या एका साध्या, जुन्या पद्धतीने) फक्त आयपीएक्सईची ही छोटी फाइल जाऊ द्या. कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (बूट होताना लागणारी सुरुवातीची फाइल) एचटीटीपीवरून द्या. टीएफटीपी मुळात ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवतं आणि पोच मिळाल्याशिवाय पुढचा सोडत नाही. ६० एमबीच्या इनिटआरडीसाठी अशा १,२२,८८० खेपा होतात! ब्लॉकचा आकार वाढवता येतो, पण एचटीटीपी हाताशी असताना त्यात वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो स्विचने. स्पॅनिंग ट्रीमुळे (नेटवर्कमध्ये वेटोळं होऊ न देणाऱ्या स्विचच्या सोयीमुळे) पोर्ट सुरू झाल्यावर ३० सेकंद डेटा पुढे जातच नव्हता आणि तोवर मशीन कंटाळून हार्ड डिस्ककडे वळायचं. मी दोन दिवस सर्व्हरची सेटिंग्ज तपासत होतो. संगणक जोडलेल्या पोर्टांवर पोर्टफास्ट (ही वाट न बघता पोर्ट लगेच सुरू करणारं सेटिंग) चालू केलं आणि सगळी मशीन उठली. तुमची ‘कधी चालतं, कधी नाही’ ही तक्रार वाचून मला पहिला संशय त्याचाच येतोय.

रोज डिस्कशिवायच चालवायचं असेल तर एलटीएसपी (सर्व्हरवरून डिस्कविना लिनक्स चालवायचं सॉफ्टवेअर) घ्या. सर्व्हरवरची लिनक्सची मूळ प्रतिमा फक्त वाचण्यापुरती राहते, बदल रॅममध्ये होतात आणि मशीन बंद करताच जातात. म्हणून विद्यार्थ्यांचे होम फोल्डर सर्व्हरवर ठेवलेत याची आधी खात्री करा, कुणाचं काम जाता कामा नये. सर्व्हरला १ गिगाबिटची एकच वायर असेल तर ४० जणांत प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम ३ एमबी येतात. स्विचवर १० गिगाबिटचा पोर्ट असेल तर सर्व्हर तिथे जोडा, नाहीतर मशीन एकेक रांग करून चालू करा.

सुरुवात एकाच मशीनने करा आणि सर्व्हरवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं साधन) लावून पोर्ट ६७, ६९ आणि ४०११ बघा. विनंती दिसलीच नाही तर दोष स्विचचा किंवा व्हीलॅनचा. विनंती दिसते पण फाइल मागितली जात नाही, तर डीएनएसमास्कचं उत्तर तपासा. फाइल मागितली आणि मिळाली नाही, तर फाइलचा मार्ग, परवानग्या आणि फायरवॉल बघा.