विषबाधा की विषप्रयोग?

ठाण्यातल्या एका वाचक मंडळात नेपोलियनच्या मृत्यूवर टिपण वाचलं गेलं. टिपणात वाक्य होतं, ‘नेपोलियनला सोमलाची विषबाधा झाली असावी.’ (सोमल म्हणजे आर्सेनिकचं विषारी संयुग.) त्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ‘विषबाधा पाणीपुरीने होते, इथे विषप्रयोग हवा.’ टिपण लिहिणाऱ्या ताईंनी विचारलंय, बरोबर कोण?

शब्दापुरते ज्येष्ठ बरोबर आहेत. कारण मात्र पाणीपुरी नव्हे.

‘बाधा’ व्हायला करणारा लागत नाही. वांगं बाधतं, ऊन बाधतं. ‘प्रयोग’ मात्र कुणीतरी मुद्दाम करावा लागतो. विभक्तीच पाहा: माणसाला विषबाधा होते, माणसावर विषप्रयोग होतो. ‘मी त्याला विषबाधा केली’ असं कुणी म्हणत नाही (कबुलीजबाबातसुद्धा).

म्हणूनच विषप्रयोग होऊनही विषबाधा टळू शकते. बडोद्याचा रेसिडेंट (संस्थानातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी) कर्नल फेअर याने नोव्हेंबर १८७४ मध्ये पपनसाच्या सरबताचे एक-दोन घोट घेतले, बरं वाटेना म्हणून उरलेलं ओतून दिलं, तर पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. गाळ मुंबईच्या सरकारी रसायनतज्ज्ञाकडेही गेला. त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. हिरकणी खाऊन जीव देण्याच्या गोष्टी आपल्याकडे होत्याच, त्यामुळे हा बेत कुणाच्या तरी ऐकीव ज्ञानावर शिजलेला दिसतो. फेअर वाचला. संशय बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला आणि सहाजणांचा चौकशी आयोग बसला. तिघा इंग्रजांनी त्यांना दोषी धरलं, तिघा हिंदी सभासदांना ते पटलं नाही. पेल्यात काय होतं ते रसायनतज्ज्ञाने सांगितलं होतं. ते कुणी घालायला लावलं, यावर आयोग दुभंगला.

युक्रेनच्या अध्यक्षपदाचे उमेदवार युशचेंको यांचंही तसंच. २००४ साली ऐन निवडणुकीत त्यांचा चेहरा फोडांनी भरला आणि रक्तात डायऑक्सिन हे विषारी रसायन सापडलं. विषबाधा प्रयोगशाळेने सिद्ध केली. विष कुणी दिलं, ते रक्ताच्या नमुन्यात लिहिलेलं नसतं.

आता नेपोलियन. तो १८२१ साली सेंट हेलेना बेटावर वारला, शवविच्छेदनात जठराचा विकार दिसला. १९६१ मध्ये त्याच्या केसांत आर्सेनिक सापडलं आणि विषप्रयोगाच्या चर्चेला ऊत आला. मग २००८ मध्ये इटलीतल्या शास्त्रज्ञांनी त्याचे बालपणापासूनचे केस तपासले. आर्सेनिक सगळ्यांतच, पत्नी जोसेफिनच्या केसांतसुद्धा. त्या काळी ते घराघरांत मुरलेलं होतं. तेव्हा सेंट हेलेनावर कुणी मुद्दाम विष चारल्याचा पुरावा केसांत उरत नाही.

म्हणून ताई, ‘नेपोलियनवर विषप्रयोग झाल्याचा संशय होता’ असं लिहा. ‘झाली असावी’ काढाच. आणि केसांत सापडलं त्याला आर्सेनिक म्हणा. सोमल म्हणजे सरबतात कालवायची ती पांढरी पूड.