ट्रस्ट करायच्या आधी

चि. पोरी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

"काका, आम्ही दोघांनी फॅमिली ट्रस्ट करावा का?" असं तू फोनवर विचारलंस आणि मी "पत्र लिहितो" म्हणून वेळ मागून घेतला. ट्रस्ट म्हणजे आपली मालमत्ता विश्वस्तांच्या हाती सोपवायची आणि त्यांनी ती ठरवलेल्या माणसांच्या फायद्यासाठी सांभाळायची. जावईबापूंचा भोसरीतला कारखाना, त्याचं कर्ज थकलं तर स्वतःच्या मालमत्तेतून फेडीन अशी बँकेला दिलेली वैयक्तिक हमी, दोघांच्या नावावरचा फ्लॅट, सव्वा वर्षाची लेक आणि गावी राहणाऱ्या सासूबाई, हे सगळं समोर ठेवून लिहितोय.

तुझ्या न्यू जर्सीच्या नणंदेनं ट्रस्टमुळे कर वाचतो असं सांगितलं, ते तिच्या ठिकाणी बरोबर असेल. तिकडे मोठ्या मालमत्तेवर वारसा कर आहे. आपल्याकडचा तसाच कर लावणारा संपदा शुल्काचा कायदा १९८५ सालीच गेला. तेव्हा कर वाचवायला म्हणून ट्रस्ट करू नकोस. प्रश्न वेगळा आहे: तुम्हा दोघांपैकी एक नसताना दुसऱ्याच्या हातात काय राहील?

आज काहीच कागद केले नाहीत असं धरून चाल. देव करो आणि तसं न होवो, पण जावईबापू गेले, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांच्या अर्ध्या फ्लॅटचे तीन सारखे वाटे होतात: तुझा, लेकीचा, सासूबाईंचा. म्हणजे घराचा सहावा हिस्सा अठरा पूर्ण न झालेल्या, कायद्यानं अज्ञान मुलीच्या नावावर. तुला घर विकून माहेरजवळ लहान घर घ्यायचं म्हटलं, तर तिच्या हिश्श्यासाठी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागेल. आई असलीस तरी. सासूबाईंची सही लागेल ती वेगळीच, आणि त्यांच्या पश्चात तो हिस्सा आणखी कुणाकुणाकडे जाईल.

नॉमिनेशनवर, म्हणजे आपल्या पश्चात कुणाकडे द्यायचं ते नाव सोसायटीत किंवा बँकेत नोंदवण्यावर, विसंबू नकोस. माझ्याकडे एक बाई सोसायटीचा नॉमिनेशनचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन आल्या होत्या. घर आपलंच झालं या समजुतीत त्यांनी दोन वर्षं घालवली होती, आणि मग दिरानं सासूचा हिस्सा मागितला. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. नॉमिनी हा वारसांच्या वतीनं सांभाळणारा. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात हेच पुन्हा स्पष्ट केलं.

म्हणून पहिलं काम मृत्युपत्राचं. दोघांची दोन स्वतंत्र मृत्युपत्रं करा, एकत्र एकच नको. एक गेल्यावर दुसऱ्याला त्यात बदल करता येतो की नाही, यावर पुढे वाद होतात. आणि तुला हवा असलेला ट्रस्ट या मृत्युपत्रातच बसतो. त्यात लिहायचं की दोघंही नसलो तर सगळी मालमत्ता विश्वस्तांकडे जाईल, त्यांनी लेकीचं शिक्षण, औषधपाणी, राहणं त्यातून करावं आणि मूळ रक्कम तिला, समजा, पंचविसाव्या वर्षी द्यावी. हे लिहिलं नाही तर अठरा पूर्ण झाल्या दिवशी सगळं एकरकमी तिच्या हातात. मृत्युपत्र आहे म्हणून स्टॅम्प पेपर लागत नाही, दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि हयात असेपर्यंत मन बदललं तर नवं करता येतं. लेकीला सांभाळणारी व्यक्ती आणि तिचे पैसे बघणारी व्यक्ती शक्यतो वेगळी ठेव.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र, ते. १८७४ सालचा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे. एजंट लोक त्याला 'एमडब्ल्यूपी' म्हणतात. त्याच्या ६ व्या कलमाप्रमाणे, विवाहित पुरुषानं स्वतःच्या आयुष्याचा विमा बायकोच्या, मुलांच्या किंवा दोघांच्या लाभासाठी म्हणून उतरवला, तर ती पॉलिसी आपोआप ट्रस्ट होते. ना दस्तनोंदणी, ना मुद्रांक. पॉलिसी घेतानाच एक जादा फॉर्म भरायचा. मग ती रक्कम नवऱ्याच्या इस्टेटीत धरली जात नाही, आणि त्याला कर्ज देणाऱ्यांना तिला हात लावता येत नाही. कारखान्याच्या कर्जापायी बँक उद्या बाकी सगळ्यावर आली तरी हे पैसे तुमचे. अट एकच, विमा कर्ज देणाऱ्यांना फसवण्याच्या हेतूनं उतरवलेला नसावा.

दोन गोष्टी नीट लक्षात घे. लाभार्थी एकदा लिहिले की नवऱ्याला ते बदलता येत नाहीत, म्हणून लेकीचं नाव घालताना पुढच्या अपत्याचाही विचार करा. दुसरं, विश्वस्ताचं नाव लिहायला विसरू नका. नाहीतर रक्कम राज्याच्या सरकारी विश्वस्ताकडे जाते आणि तुला तिथे अर्ज करत बसावं लागतं. विश्वस्त तू स्वतः होऊ शकतेस. कलमात 'विवाहित पुरुष' असा शब्द आहे, त्यामुळे जावईबापूंसाठी तुझ्या विम्यावर हे कवच चढत नाही. १८७४ चा कायदा आहे, नवरा बायकोच्या विम्यावर विसंबून असेल हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नसावं. मला हे खटकतं.

हयातीत नोंदवलेला ट्रस्ट मी तुम्हाला आत्ता सुचवत नाही. फ्लॅट त्यात टाकायचा तर मुद्रांक शुल्क भरा, गृहकर्जाच्या बँकेची संमती घ्या. ट्रस्ट रद्द करण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला तर उत्पन्नावरचा कर तुमच्याच माथी राहतो आणि कर्ज देणाऱ्यांपासून फारसं संरक्षण मिळत नाही. हक्क सोडला तर घर परत मागता येत नाही. शिवाय हमी आधीच दिलेली असताना मालमत्ता हलवली, तर बँक तो व्यवहार न्यायालयातून रद्द करून मागू शकते. मूल आयुष्यभर परावलंबी असेल तर मात्र मी हाच मार्ग धरायला सांगितलं असतं, कारण आईबाप हयात असतानाच ती घडी बसलेली दिसावी लागते.

तुझ्या थोरल्या बहिणीला एक निरोप दे. तिला मूल नाही आणि घर तिच्या पगारातून घेतलेलं आहे. मृत्युपत्र न करता नवराबायको दोघंही गेले, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे ते घर तिच्या आईवडिलांआधी तिच्या नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिनं या महिन्यातच मृत्युपत्र करावं.

पुढच्या रविवारी दोघं या. विम्याचा कोरा फॉर्म, फ्लॅटची इंडेक्स टू (खरेदीच्या दस्तनोंदणीचा उतारा) आणि बँकेच्या हमीपत्राची प्रत आणा. काकू पुरणपोळी करणार आहे. जावईबापूंना नमस्कार, लेकीला गोड पापा.

तुझा,
काका