काचेच्या बरण्या कुरियरने पाठवायला कोणता खोका घ्यावा: तीन प्लाय, पाच प्लाय की सात प्लाय?

तुम्ही लिहिलंय की दादरला घरून लोणची-मसाले विकता, आता माल पुणे, नागपूर, बंगळूरला कुरियरने जाणार, बरण्या पाव किलोच्या आणि काचेच्या. खोका कुठला घ्यावा आणि एका खोक्याला किती पैसे पडावेत, हा प्रश्न. शेवटी लिहिलंय, "दुकानदार म्हणतो सात प्लाय घ्या आणि निर्धास्त राहा." त्या वाक्यामुळे मी लिहायला बसलोय. नोकरीत हेच वाक्य ऐकत आलो आणि त्यापायी माझ्या माणसांवर चोरीसारखा आळ आला.

प्लाय म्हणजे थर. तीन प्लायमध्ये दोन सपाट कागद आणि मध्ये एक पन्हळी, पाचमध्ये तीन सपाट आणि दोन पन्हळी, सातमध्ये चार आणि तीन. थर किती, एवढंच त्यातून कळतं. कागद कसला, हे कळत नाही, आणि खोका कागदावर उभा असतो.

मी साकीनाक्याच्या एका काचसामानाच्या कंपनीत डिस्पॅच बघायचो. गोदाम भिवंडीला. आमचा खोका पाच प्लायचा, वसईच्या एका लहान कारखान्यातून यायचा. मालक स्वतः कागद निवडायचा. मग खरेदी खात्यात नवे साहेब आले, त्यांनी पुरवठादार बदलला आणि मीटिंगमध्ये जाहीर केलं की तेवढ्याच पैशात आता सात प्लाय मिळणार. मी तिथेच विचारलं, जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) किती आणि बीएफ (बर्स्ट फॅक्टर, म्हणजे कागद फुटेपर्यंत किती दाब सोसतो त्याचा आकडा) किती? म्हणाले, "अहो, दोन थर जास्त मिळतायत, अजून काय पाहिजे तुम्हाला?" सगळे हसले. खोका आला तो दिसायला देखणा, सोनेरी पिवळा. हा पिवळा बहुतेकदा रद्दीच्या लगद्याला दिलेला रंग असतो, त्यावरून मजबुती ठरत नाही. अंगठ्याने दाबलं तर पुठ्ठा आत बसायचा आणि परत वर यायचा नाही.

जुलैत व्हायचं ते झालं. भिवंडीच्या गोदामाला पावसाळ्यात ओल असतेच. कागद हवेतलं पाणी पितो, थर चिकटवणारी स्टार्चची खळ नरम पडते, आणि हवा ९० टक्क्यांच्या आसपास दमट असली की खोक्याची भार पेलायची ताकद निम्म्यावर येऊ शकते. थप्प्यांचे तळाचे खोके आधी फुगले, मग त्यांचे कोपरे बसले, आणि एका सकाळी एक अख्खी थप्पी कलून शेजारच्या थप्पीवर गेली. साहेबांचं उत्तर तयार होतं: माथाड्यांनी खोके आपटले. टोळीकडून नुकसान वसूल करायचा कागदसुद्धा टाइप झाला. ही माणसं काचेचा माल कसा उतरवतात ते मी रोज बघत होतो. दोन खोके एकमेकांवर टेकवतानाही खाली हात धरायचे.

मी एक कोरा खोका घरी नेला. १० सेंटीमीटर बाय १० सेंटीमीटरचे तुकडे कापले, पाण्यात भिजवून थर सुटे केले, वाळवले. पन्हळी कागद वाळल्यावर सरळ केला आणि पुन्हा तेवढाच चौकोन कापला. झवेरी बाजारातल्या ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर वजन केलं. असा तुकडा चौरस मीटरचा शंभरावा भाग असतो, त्यामुळे आलेल्या ग्रॅमला १०० ने गुणलं की जीएसएम मिळतो. प्रत्येक थर १०० च्या आसपास भरला. बीएफ पुरवठादाराच्याच बिलावर लिहिलेला होता, १४. साहेबांनी तो वाचलाही नव्हता.

आता पुठ्ठ्याच्या फुटण्याच्या ताकदीचा धंद्यातला साधा हिशोब बघा. सपाट कागदाचा जीएसएम गुणिले बीएफ, भागिले १०००. पन्हळीचा निम्मा धरायचा, आणि सगळ्याची बेरीज. सात प्लाय, १०० जीएसएम, १४ बीएफ: ७.७. आमचा जुना पाच प्लाय १५० जीएसएम, २० बीएफचा होता: १२. एवढंच काय, १८० जीएसएम, २० बीएफचा तीन प्लायसुद्धा ९ येतो. मी हे आकडे एका कागदावर लिहून जनरल मॅनेजरच्या टेबलावर ठेवले. वसुलीचा कागद फाडला गेला, खोका परत वसईचा आला. पण टोळीच्या मुकादमाला "आमचं चुकलं" असं कोणी म्हणालं नाही, आणि याचा राग मला अजून आहे. हे दुकानदार-साहेब मंडळींचं सात प्लायचं वेड अज्ञान आहे, आणि त्याची किंमत नेहमी खाली उभा असलेला माणूस देतो.

काचेची आणि पन्हळी कागदाची सोबत फार जुनी आहे. १८५६ साली इंग्लंडमध्ये हा कागद उंच टोप्यांच्या आत अस्तर म्हणून आला, पण वेष्टनासाठी त्याचं पेटंट १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने घेतलं ते बाटल्या आणि कंदिलांच्या काचा गुंडाळायला. त्यामुळे काचेला पुठ्ठा पुरत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

तुमच्यासाठी: सहा बरण्यांना आतून ३० बाय २० बाय १५ सेंटीमीटरचा पाच प्लाय युनिव्हर्सल (वर-खाली चार-चार झडपांचा नेहमीचा) खोका, १५० जीएसएम, किमान १८ बीएफ. आत पुठ्ठ्याचं पार्टिशन हवंच, आणि ते खोक्याच्या पूर्ण उंचीचं, म्हणजे वरचा भार तेही उचलतं. बरणीला बरणी लागता कामा नये, तळाला आणि झाकणावर बबल रॅप. पन्हळीच्या नळ्या उभ्या आहेत ना ते कडेने बघा. आडव्या असतील तर तो खोका परत करा. टेप फक्त मधल्या फटीवर नको, दोन्ही बाजूंच्या फटींवरही मारा.

काही गोष्टी राहिल्या. वरचा हिशोब फुटण्याच्या ताकदीचा आहे. थप्पीत भार पेलायला पुठ्ठ्याची जाडीही लागते, म्हणून तीन प्लायचा आकडा मोठा आला तरी काचेला मी पाचच सांगतोय. नुसते मसाल्याचे पाऊच असतील तर तीन प्लाय भरपूर झाला. आणि चांगल्या कागदाचा सात प्लाय यंत्राच्या भागांना, निर्यातीच्या जड मालाला लागतो, त्याच्याशी माझं वैर नाही. किराणा दुकानातले जुने खोके मात्र घरातल्या साठवणीपुरते ठेवा. एकदा दमट होऊन वाळलेल्या खोक्यावर काच सोपवू नका. आकारही उगाच वाढवू नका. बऱ्याच कुरियर कंपन्या सेंटीमीटरमधल्या लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार ५००० ने भागून वजन धरतात, आणि ते खऱ्या वजनाहून जास्त आलं तर पैसे त्यावर लावतात. तुमच्या खोक्याचं ते आतल्या मापाने १.८ किलो येतं, बाहेरच्या मापाने थोडं जास्त, तरी भरलेल्या बरण्या त्याहून जड असतील, म्हणजे या मापात जादा पैसे जाणार नाहीत.

किमतीचं म्हणाल तर ती कागदाच्या भावाप्रमाणे हलते आणि मुळात किलोवर ठरते. म्हणून नगाचा भाव विचारण्याआधी रिकामा खोका काट्यावर ठेवायला सांगा. वर दिलेल्या मापाचा आणि कागदाचा खोका ३२० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. अडीचशे भरला तर १५० जीएसएम म्हणून तुम्हाला पातळ कागद दिला जातोय, आणि नगाचा भाव दोन रुपयांनी कमी असला तरी तो घेऊ नका. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटला पाच-सहा दुकानांत एकाच मापाचा खोका मागून, तिथल्या तिथे वजन करून बघा. बीएफ बिलावर लिहून द्यायला जो तयार होईल त्याच्याकडून पहिले पन्नास खोके घ्या.