कानातल्या शिटीबद्दल

प्रिय मित्रा,

रात्री पंखा बंद केला की कानातली शिटी वाढते, असं तू लिहिलंस. बाहेरचे आवाज थांबले की आतला उघडा पडतो, म्हणून तसं वाटतं. पंखा चालूच ठेव. थंडीत फोनवर पावसाचा आवाज लाव, पण शिटीपेक्षा जरा हळू. मेंदूला तिची सवय व्हायची तर ती थोडी ऐकू यायला हवी.

सुरुवात बहुधा कानात होते. मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदूतल्या श्रवणमार्गाच्या चेतापेशी जास्त संवेदनशील होतात आणि बाहेर काही नसताना आवाज जाणवतो, असं आज बरेच संशोधक मानतात. जबडा आवळला की तुझी शिटी बदलते ना? चेहऱ्याच्या आणि मानेच्या चेतांचे धागे त्याच मार्गाच्या पहिल्या टप्प्यावर येऊन मिळतात. तेव्हा कुणी ‘मनाचे खेळ’ म्हणालं तर मुळीच मनावर घेऊ नकोस.

१९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी नीट ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं. बहुतेकांना काही ना काही ऐकू आलं! मग त्रास काहींनाच का? मेंदूने त्या आवाजाला धोका मानलं की लक्ष तिथेच अडकतं, झोप उडते, धास्तीने तो आणखी बोचतो. शिटी घालवण्याची हमी देणाऱ्या गोळ्या-थेंबांवर पैसे उडवू नकोस. ही धास्ती कमी करायला संज्ञानात्मक वर्तन उपचारांचा (सीबीटी), म्हणजे विचारांची आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा, उपयोग होतो आणि त्याला भक्कम पुरावा आहे.

विरार फास्टच्या खडखडाटावर मात करायला हेडफोनचा आवाज वाढवणं आजपासून बंद. विसर्जनाला ढोल-ताशाजवळ कानात बोळे हवेतच. घरी मात्र काढ, दिवसभराच्या शांततेत शिटी जास्त टोचते.

पण आधी तपासणी. वांद्रे रेक्लमेशनला श्रवणदोषांसाठीच्या अली यावर जंग संस्थेत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, होते. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर ईएनटी डॉक्टरांना ते आवर्जून सांग. आणि एखाद्या कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं, तर त्याच दिवशी जा. अशा वेळी उपचाराला उशीर झाला की ऐकणं परत येण्याची शक्यता घटते.

रिपोर्ट मिळाला की फोटो पाठव. फोनवर बसून दोघं मिळून वाचू.

तुझा,
काका