सासूबाईंची अहिराणी, पडद्यावरच्या दोन ओळी

प्रश्न : सासूबाई खापरावर मांडे करतात, त्याचे व्हिडिओ मी यूट्यूबवर टाकते. त्यांचं बोलणं सगळं अहिराणी, त्यामुळे पडद्यावर आपोआप येणाऱ्या मजकुरात काहीच्या काही उमटतं. माझ्या भाच्याला ऐकू येत नाही, तो हे व्हिडिओ आवडीने बघतो. मजकूर अहिराणीत लिहू की मराठीत? सासूबाईंच्या मते तर हा सगळा रिकामा उद्योग आहे.
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, दोन्हीत लिहा, पण वेगवेगळ्या फाइलींत. यूट्यूबवर एका व्हिडिओला अनेक भाषांच्या फाइली जोडता येतात. मराठी फाइल पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसाठी. भाच्यासाठी मात्र बोललेली अहिराणीच हवी. सासूबाई म्हणाल्या, "माले काय इचारस, खापरले इचार," तर तेच लिहा. तिथे "खापर पुरेसे तापल्याची खात्री करावी" असं घातलंत, तर भाच्याच्या वाट्याला नुसती कृती येईल, आजीचा खवटपणा बाकीच्यांनाच मिळेल.

तिने वर बघितलं, हसली, हात थांबवले, हे त्याला दिसतं. का, ते दिसत नाही. दाराशी मोटरसायकल थांबली म्हणून मान वळली असेल तर [बाहेर मोटरसायकल थांबते] एवढं कंसात द्या. कॅमेऱ्यामागून तुम्ही बोलत असाल तर ओळीआधी 'सून :' लिहा. बांगड्या मात्र दर वेळी वाजवू नका. मांडा हातावर फिरतोय तोवर त्या वाजतच राहणार. ज्या आवाजाने काही घडतं, तो लिहायचा.

एका वेळी दोनच ओळी. नेटफ्लिक्स इंग्रजीत ओळीला ४२ अक्षरं आणि एका तुकड्याला जास्तीत जास्त ७ सेकंद देतं. संगणक काना-मात्रेलाही वेगळं अक्षर धरतो, तेव्हा आकड्यात अडकू नका. मोबाइलवर लावून स्वतः वाचून बघा. 'चुलीतला' वर आणि 'जाळ' खाली, अशी ओळ तोडू नका. आणि सासूबाईंचा टोमणा त्यांच्या तोंडून निघायच्या आत पडद्यावर नको, मजाच जाते.

मांडा पसरणारे हात चौकटीत खालीच येतात आणि मजकूरही तिथेच पडतो. चित्रीकरण करतानाच खाली जागा सोडा.

फाइल एसआरटी प्रकारची, म्हणजे ओळी आणि त्यांच्या वेळा लिहिलेली साधी फाइल, असेल तर वेळ इंग्रजी आकड्यांत लिहा, सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये स्वल्पविराम द्या आणि जतन करताना यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत निवडा. नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसायची.

रिकाम्या उद्योगाचं म्हणाल, तर १९९९ मध्ये गुजरातेत दूरदर्शनच्या 'चित्रगीत' या गाण्यांच्या कार्यक्रमात गुजराती गाण्यांखाली गुजरातीच ओळी आल्या होत्या. आयआयएम अहमदाबादचे प्राध्यापक ब्रिज कोठारी यांनी तो प्रयोग ऐकू येणाऱ्यांसाठीच केला होता, त्यांना वाचनाचा सराव व्हावा म्हणून. हे सासूबाईंना सांगून बघा. पटेलच असं नाही.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या व्हिडिओत मजकूर दिसतच नाही.
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : मजकुराची वेगळी फाइल सोबत जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपसाठी मजकूर चित्रावरच छापलेली वेगळी प्रत काढा. तो बंद करता येत नाही की मोठा करता येत नाही, म्हणून आधीच ठसठशीत, काळ्या पट्टीवर पांढरा घ्या. ओळींत अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात.